तांदळाच्या बादलीत हात

आमच्या स्वयंपाकघरात सिंकखाली एक निळी बादली असते. तिच्यात चारेक किलो सोना मसुरी आहे, पण तो शिजवायचा नाही. रोज संध्याकाळी पोरगा शाळेतून आला की बादली ओढतो, उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत तांदळात खुपसतो आणि आतल्या आत मुठी आवळतो, बोटं फाकवतो, हात गोल फिरवतो. तीस सेकंद झाले की थांबायचं, मग पुन्हा. ऐकायला सोपं वाटतं. मी करून बघितलं, तिसऱ्या फेरीला माझी बोटं वळेनात.

सांगलीहून आईने व्हिडिओ कॉलवर हा प्रकार पाहिला तेव्हा ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अन्नात हात घालून काय खेळतोयस रे? हात तरी धुतलेस का?" फिजिओथेरपीचा व्यायाम आहे, बेसबॉलवाले सगळे करतात, असं त्याने समजावलं. तिला ते पटलं नसावं, पण नातवापुढे तिचं काही चालत नाही. शेवटी मला एवढंच विचारलं, "इंद्रायणी नाही ना घातलास?"

पोरगा चौदा वर्षांचा आहे आणि बेसबॉलमध्ये पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारा. अमेरिकेत पिट्सबर्गला आलो तेव्हा तो तीन वर्षांचा होता. मी हौसेने त्याच्या हातात प्लास्टिकची बॅट दिली होती, पण आमच्या गल्लीत सगळी पोरं बेसबॉल खेळायची, मग तोही तेच शिकला. त्याचा हात जोरकस आहे. माझे आजोबा मळ्यात ज्वारीवरची पाखरं उडवायला गोफण भिरकवायचे, तोच हात आलाय असं मी इथल्या लोकांना सांगत असतो. त्यांना गोफण कळत नाही, मला सांगायला आवडतं.

२०२५ च्या जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात, एका रात्री जेवताना त्याने लोणच्याची बरणी डाव्या हाताने उघडायचा प्रयत्न केला. झाकण घट्ट होतं, निघेना. तरी उजवा हात पुढे आला नाही. बायकोच्या ते आधी लक्षात आलं. तिने नुसतं "हात दाखव" म्हटलं आणि कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यावर अंगठा टेकवला, तसा तो खुर्चीतून अर्धा उठला. तीन आठवडे दुखत होतं म्हणे. सांगितलं असतं तर कोचने बसवलं असतं, म्हणून गप्प राहिला.

डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढायला लावले. दुखणाऱ्या हाताचा समजला, चांगल्या हाताचा कशाला? तर या वयात हाडाच्या टोकाशी अजून कूर्चा असते, तिथे हाड वाढत असतं, आणि ती फट मुळात किती रुंद हे दुसऱ्या हाताशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे उजवीकडची फट जास्त रुंद होती. इथे या दुखण्याला 'लिटल लीग एल्बो', म्हणजे लहानग्यांच्या लीगचं कोपर, असं गोड नाव आहे. आपल्याकडे २००४ साली सचिनच्या कोपराने अख्ख्या महाराष्ट्राला 'टेनिस एल्बो' हा शब्द शिकवला होता. ते कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं. पिचरचं दुखणं आतल्या बाजूला होतं.

का, ते डॉक्टरांनी स्वतःचा हात मागे नेऊन दाखवलं. पिचर चेंडू फेकतो तेव्हा छाती पुढे गेलेली असते आणि मनगट अजून मागेच लोंबत असतं. त्या क्षणी कोपराची आतली बाजू एखाद्या दारासारखी उघडू बघते. तिला धरून ठेवतो तो एक छोटासा लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, दंडाचं हाड आणि हाताचं हाड यांना बांधणारा. क्रिकेटमध्ये कोपर सरळ ठेवून टाकायचं असतं, म्हणून आपल्या वेगवान गोलंदाजांची पाठ आधी जाते, बुमराला विचारा. इथे कोपर जातं. चौदाव्या वर्षी लिगामेंट त्या कोवळ्या कूर्चेपेक्षा दणकट असतो, म्हणून आधी कूर्चा मार खाते. मोठ्या माणसात हाड पक्कं झालेलं असतं, मग लिगामेंट फाटतो.

मोठ्या माणसाचं उदाहरण आमच्याकडे भिंतीवरच लावलेलं होतं. जॅरेड जोन्स. आमच्या गावच्या पिट्सबर्ग पायरेट्स या टीमचा पिचर. २०२४ च्या मार्चमध्ये, बाविसाव्या वर्षी, मायामीत तो पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग बेसबॉलमध्ये, उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने दहा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू नीट मारूच न देता बाद केलं. चेंडूचा वेग ताशी १५५ किलोमीटरच्या पुढे. आम्ही तो सामना घरी सोफ्यावर पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून पोराची पाय उचलायची पद्धत बदलली. त्याच वर्षी मे महिन्यात पॉल स्कीन्स हा दुसरा पिचर आला. गावातल्या लोकांना वाटलं, या दोघांच्या जिवावर आता आपले दिवस फिरणार. हे गाव म्हणजे पायरेट्सचा जुना खेळाडू क्लेमेंटे याच्या नावाचा पिवळा पूल चालत ओलांडून नदीकाठच्या सुंदर मैदानात जाणारं, आणि बहुतेक वेळा हरून परत येणारं गाव आहे. १९७९ नंतर विजेतेपद नाही. २०२५ मध्ये स्कीन्सच्या गोलंदाजीवर दर नऊ डावांत सरासरी दोन धावासुद्धा निघाल्या नाहीत आणि तरी त्याच्या नावावर दहा विजय आणि दहाच पराभव लागले, कारण बाकीच्यांना बॅट लावता येत नाही. असो, तो दुसरा विषय झाला.

जोन्सचं कोपर २०२५ च्या मार्चमध्ये, सीझन सुरू होण्याआधीच्या सरावात दुखायला लागलं. लिगामेंट दुखावला होता. आधी शस्त्रक्रिया नको, सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही, मग बघू, असं ठरलं. बघितलं, पण जमलं नाही. २१ मे रोजी टेक्ससमध्ये डॉ. कीथ माइस्टर यांनी शस्त्रक्रिया केली. लिगामेंट टाके घालून दुरुस्त केला आणि त्याला आधार म्हणून आत एक मजबूत पट्टी बसवली. क्लबने परतायला दहा ते बारा महिने सांगितले. त्यानंतर दोन आठवड्यांनी आमच्याकडे लोणच्याची बरणी.

"माझंही ऑपरेशन करतील का?" हा त्याचा पहिला प्रश्न होता, आणि मला धक्का बसला तो त्याच्या आवाजाने. त्यात भीती कमी आणि उत्सुकता जास्त होती. इथे मैदानाशेजारच्या बाकांवर मी आईबापांना बोलताना ऐकलंय, फाटलं तर फाटलं, टॉमी जॉन करतील, पोरं उलट जास्त वेगाने परत येतात. मुलं तेच ऐकत मोठी होतात.

टॉमी जॉन हे त्या शस्त्रक्रियेचं नाव आहे आणि माणसाचंही. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर. १९७४ मध्ये त्याच्या कोपराचा लिगामेंट तुटला. तोवर या दुखण्याचा अर्थ एकच होता, घरी जा. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला एक स्नायुबंध काढला, हाडांना भोकं पाडली आणि त्यांतून तो ओवून नवा लिगामेंट बांधला. परतण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

तो काढलेला स्नायुबंध तुम्हालाही बघता येईल. अंगठा आणि करंगळी जुळवा आणि मनगट जरा आत वाकवा. मधोमध एक दोरी उठून दिसते. काही लोकांना ती नसतेच, आणि नसली तरी कुणाचं काही अडत नाही, म्हणून तर काढून घेता येते. आमच्याकडे एका रविवारी व्हिडिओ कॉलवर सगळं घर मनगटं वाकवून बसलं होतं. माझी दिसली, बायकोची दिसली, पोराच्या दोन्ही हातांना आहे. आईने फोन मनगटाजवळ नेला. दोन्ही हात साफ सपाट. "म्हणजे माझं ऑपरेशन करायचं झालं तर?" तिने विचारलं. पोरगा म्हणाला, "आजी, मग पायातली काढतात." त्यावर ती म्हणाली, तिचे गुडघे आधीच दुखतायत, पायाला कुणी हात लावू नका.

डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं, तुला ऑपरेशनची गरज नाही. निदान आठ आठवडे काही फेकायचं नाही. चेंडू नाही, दगड नाही, सोफ्यावरची उशीसुद्धा नाही. हे ऐकून त्याचा चेहरा पडला. शस्त्रक्रियेत निदान काहीतरी घडतं. इथे नुसतं बसायचं होतं.

आणि आता माझं. मी नोकरीत दिवसभर दुसऱ्यांच्या आकडेवारीतल्या चुका शोधतो. इथे मुलांसाठी नियम आहेत, मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने मिळून केलेले. तेरा-चौदाच्या वयात एका दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू. ६६ च्या वर टाकले तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ टाकले तर तीन दिवस. वर्षातून चार महिने पिचिंग बंद. नियम चांगले आहेत. पण माझा पोरगा दोन टीममध्ये खेळत होता, एक गावच्या लीगची आणि एक शनिवार-रविवारी दुसऱ्या गावांना जाणारी. दोघांची स्कोअरबुकं वेगळी होती आणि दोन्ही चोख होती. एक्स-रेच्या रात्री मी फोनवर दोन्ही उघडून बेरीज केली. मेच्या मध्यात एका गुरुवारी ५८ चेंडू आणि त्याच शनिवारी ४९. मध्ये एकच दिवस. रविवारी तो कॅचर होता, म्हणजे प्रत्येक चेंडू परत पिचरकडे फेकायचा. प्रत्येक कोचने आपापला हिशोब ठेवला होता. बेरीज करायचं काम फक्त घरातला माणूस करू शकत होता, आणि तो माणूस तिन्ही दिवस बाहेर खुर्ची टाकून, कॉफी घेऊन, व्हिडिओ काढत बसला होता. शनिवारचा एक व्हिडिओ मी सांगलीलाही पाठवला होता. "बघा, कसला हात आहे!" असं लिहून.

वेगाचं वेड इथे सगळ्यांनाच आहे. मोठ्या लीगमधला सरळ वेगवान चेंडू २००८ मध्ये सरासरी ताशी १४७ किलोमीटरचा होता, २०२४ मध्ये तो १५१ च्या वर गेला. स्नायू कमावता येतात, लिगामेंट कमावता येत नाही. मैदानावर कुणीतरी बाप वेग मोजायची रडार गन घेऊन उभा असतोच. मीही ती ऑनलाइन बघून ठेवली होती. घेतली नाही, पण ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे, महाग होती म्हणून.

जुलैत तो फार चिडचिडा झाला होता. टीमबरोबर जायचा, आणि डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकावर, बसून दुसऱ्यांचे चेंडू मोजायचा. मी त्याला नीरज चोप्राची गोष्ट सांगितली. २०१९ च्या मेमध्ये मुंबईत डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी त्याच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया केली. तो अख्खा सीझन गेला. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याने ८७.८६ मीटर भाला फेकला आणि ऑलिंपिकची पात्रता गाठली. पुढचं टोकियो सगळ्यांना माहीत आहे. पोराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि जे परत आले नाहीत, ते?" मग मला रिंकू सिंगचं सांगावं लागलं. तोही उत्तर प्रदेशातला भालाफेकपटूच. २००८ मध्ये आमच्याच पायरेट्सनी त्याला करारबद्ध केलं, खालच्या लीगमध्ये तो काही वर्षं खेळला, मग दुखापतींनी त्याला बाहेर बसवलं. पुढे तो डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्ती खेळला. "म्हणजे त्याचंही बरंच चाललं की," पोरगा म्हणाला. मला पोराची ही बाजू माहीत नव्हती.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी फेकायला परवानगी मिळाली. ४५ फुटांवरून, अर्ध्या जोराने, पंचवीस चेंडू, एक दिवसाआड. दुखलं तर थांबायचं. मागच्या अंगणात मी ४५ फूट टेपने मोजून खडूने रेघ मारली. पहिला चेंडू माझ्या डोक्यावरून शेजारच्यांच्या कुंपणात गेला. दुसरा पायाशी टप्पा पडून आला. तीन महिन्यांत हात अंतर विसरला होता. सातव्या-आठव्या चेंडूपासून ग्लोव्हमध्ये तो ओळखीचा चटका यायला लागला.

आता ऑक्टोबर आहे आणि आम्ही ६० फुटांवर आलो आहोत. माऊंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, फेकायला पुढचा वसंत उजाडेल, तेही सगळं नीट झालं तर. जोन्सलाही साधारण तोच काळ सांगितला होता. त्याचं पोस्टर अजून भिंतीवर आहे आणि खाली पेन्सिलीने दोन तारखा लिहिल्या आहेत, एक २१ मे आणि दुसरी पोराच्या एक्स-रेची. अंगणात मेपलची पानं इतकी पडली आहेत की चुकलेला चेंडू शोधायला पाच मिनिटं जातात. मला तेवढीच विश्रांती.

काल मी मोठ्याने मोजत होतो, मराठीत, म्हणजे त्याला मध्येच गोंधळ घालता येत नाही. बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस. मी ग्लोव्ह काढला.

"बाबा, सुरुवातीचे तीन वॉर्मअपचे होते. ते धरायचे नसतात."

"धरायचे असतात."

"कोच नाही धरत."

"मी धरतो," म्हटलं, आणि चेंडू खिशात टाकून आत गेलो. मागून तो आला आणि धुसफुसत बादली ओढली.