बनी तो बनी

बिडाची वस्तू तडकली की तिच्या नादी लागू नये, असं वेल्डिंगवाल्यानं मला आधी नीट समजावलं आणि मग जोडायचे पैसे सांगितले. शेगडी त्याच्या दुकानापुढं भर उन्हात पालथी पडली होती. पोटापासून कानापर्यंत तडा, जाळीचे दांडे तुटलेले, राखेच्या कप्प्याचं दार गायब. पंजाच्या घडणीचे चारही पाय मात्र शाबूत.

"काका, लोखंड असतं तर आत्ता ठोकून दिलं असतं. हे बीड हाय."

बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो. त्यामुळं ते साच्यात सुरेख उतरतं, पण ठोका सोसत नाही आणि तापल्या अंगावर पाणी पडलं तर तेही सोसत नाही. जोडायचं तर आधी सगळी शेगडी सावकाश तापवायची, मग जोडायची, मग राखेत पुरून सावकाश निवू द्यायची. घाई केली की जोडाच्या शेजारीच नवा तडा. वितळलेलं पितळ तड्यात ओतून जोडणं त्यामानानं सोपं. पण पितळ नऊशे अंशांच्या आसपास वितळतं आणि चांगले फुललेले निखारे तिथवर सहज पोचतात.

"म्हणजे कसं, शोभेला ठेवायची तर पितळ. पेटवायची तर निकेलची कांडी. ती महाग पडंल. अन् तरी ग्यारंटी नाही." मग हसून म्हणाला, "बनी तो बनी, नहीं तो परभणी."

परभणीतच उभं राहून हे ऐकल्यावर माणसानं पुढं जायचं कुठं?

शेगडी आजोबांची, पूर्णेची. निजामाच्या रेल्वेनं 1900 च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडं छोटी लाईन नेली, पूर्णा पुढं जंक्शन झालं, तिथं लोको शेड आलं आणि त्या शेडात आमचे आजोबा फिटर झाले. निजामाच्या काळी इंजिनांना कोळसा सिंगरेणीच्या खाणींतून यायचा. शेडाबाहेर राखेचे ढीग पडत आणि त्यात अर्धवट जळालेले कोळसे सापडत. ते वेचायला बायापोरं टोपल्या घेऊन जात. रेल्वेची मालमत्ता म्हणावी तर ती जळून गेलेली, कचरा म्हणावा तर तिच्यावर स्वयंपाक होतोय. आजोबा तत्त्वाचे, ढिगाला हात लावू देत नसत. आजी तत्त्वाची नव्हती.

सुटीत तिकडं गेलं की दिवेलागणीचा धूर मला फार आवडायचा. प्रत्येक क्वार्टरच्या दारात एकेक शेगडी. खाली रॉकेलचा बोळा, वर ढलप्या, त्यावर कोळसा. पहिला अर्धा तास नुसता पिवळट, डांबरट वासाचा धूर. तो ओळीभर पसरायचा आणि त्यातून कुणाची तरी सासू कुणाला तरी ओरडायची. धूर संपून कोळसा लाल झाला की "फुलली गं" अशी हाळी यायची आणि फडक्यानं दोन्ही कान धरून शेगडी आत जायची. तव्यावरची भाकरी उतरवून निखाऱ्याशी उभी धरली की टम्म फुगायची. वांगं तर त्या आचेवर असं भाजलं जायचं की गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत मी अजूनही केवळ सभ्यपणा म्हणून खातो. जेवणं झाली की आजी उरलेले निखारे चिमट्यानं एकेक उचलून पाण्यात बुडवायची. चर्रर्र. ते वाळले की दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला. दोनचार निखारे मात्र राखेखाली ठेवायची, त्यावर दुधाचं पातेलं. सकाळी साय तांबूस आणि बोटभर जाड.

हे सगळं आईला सांगत होतो. ती शेंगा फोडत होती.

"विंझणा कोण घालायचं?" तिनं विचारलं.

"तू."

"मग?"

तिच्या डाव्या कोपराजवळ त्या शेगडीचा डाग आहे. गॅसचा नंबर लागला त्या दिवशी तिनं पेढे वाटले होते, आणि सिलिंडर मिळायला लागतात तेवढेच दिवस शेगडी घरात राहिली. नंतर ती कोठीत गेली ती गेलीच. "काय करायलास तिचं? देऊन टाक," एवढं बोलून आई पुन्हा शेंगांकडं वळली.

पुण्याच्या चुलतभावाचं म्हणणं वेगळं. शेगडी विकायची नाही, तो आपला वारसा आहे आणि तो माझ्या घरी जपला जावा.

मला तर जपलेल्या वस्तूंचीच धास्ती वाटते. कुणाच्याही दिवाणखान्यात जा, तांब्याचा बंब चकचकीत घासून त्यात छत्र्या उभ्या केलेल्या. जात्याच्या पाळीवर काच टाकून टीपॉय. शेगडी आणली की तिच्या पंजांना सोनेरी ऑइलपेंट लागणार, हे मला लख्ख दिसतं. त्यापेक्षा भंगार बरं. बीड भट्टीत वितळून निदान पुन्हा कशाच्या तरी कामाला लागतं.

बरं, पेटवायची म्हटली तर पेटवायची कशावर? कोळशाची वखार परभणीत कुठं होती हेही आता सांगावं लागतं. लाकडी कोळसा इस्त्रीवाल्याकडं आणि कणसाच्या गाड्यावर दिसतो. दगडी कोळसा घरगुती मागायला गेलं तर लोक आपल्याकडंच बघतात. शेगडी निकेलच्या कांडीनं जुळेलही. तो राखेचा ढीग कोण जोडणार?

आणि जुळलीच, तर ती थंडीत कुणीतरी घरात घेऊन बसेल. आमच्याकडं परभणीत थंडी काय पडते ते सांगायला नको. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असताना आजी खिडकी किलकिली ठेवायची. पाहुण्याबाया लावायच्या, ही पुन्हा उघडायची. त्यावरून एकदा तिचं आणि तिच्या विहिणीचं चांगलंच वाजलं होतं. कार्बन मोनॉक्साइड हे नाव तिला ठाऊक नव्हतं. त्या वायूला वास नाही, रंग नाही, आणि धूर संपून निखारे लाल झाले तरी तो निघतच असतो. उलट तेव्हाच माणूस निर्धास्त होऊन दार लावतो. हिवाळ्यात पेपरात आतल्या पानावर दोनचार ओळींची बातमी येते. बंद खोली, शेगडी, झोपेत गेलेलं अख्खं कुटुंब. ती वाचली की मी पान उलटत नाही लवकर.

म्हणून हुरडा पार्टीवाला शेतमालक शेगडी बघायला आला, तेव्हा मी त्याला भाव सांगायच्या आधी हेच सांगितलं. तडा आहे, पेटवू नका, पेटवलीच तर उघड्यावर, खोलीत तर अजिबात नको. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो सर, पेटवायचंय कुणाला? गेटपाशी ठेवून तिच्यात मनी प्लँट लावायचाय."

मी लगेच भाव वाढवून सांगितला. विचार करून कळवतो म्हणाला.