राजहंसगडावरून रडारचा माग

विमान नियंत्रणाचं रडार मोजायचं तर खरं विमानातूनच मोजायला हवं. ते जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारतं, पण क्षितिजाआड बसलेल्या आपल्याला तो ऐकूच येत नाही. वरच्या विमानाला येतो आणि ते १०९० वर उत्तर देतं. प्रवासी विमानात डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि अँटेना मांडून बसायला कोण देणार? ते काम विमानतळ प्राधिकरणाच्या तपासणी विमानांचं. आपण उत्तरं गोळा करायची आणि त्यावरून रडार ओळखायचं. त्यासाठी आम्ही येळ्ळूरचा राजहंसगड गाठला.

बेळगावातून वडगावमार्गे येळ्ळूर, दोन्हीकडे भाताची शिवारं. गाडी वरपर्यंत जाते. रविवार टाळा, शिवरायांचा पुतळा झाल्यापासून गर्दी असते. अँटेना पाहून एका काकांनी विचारलं, "जमिनीची मोजणी काय ओ?" विमानं पकडतोय म्हटल्यावर ते स्क्रीनसमोरून उठायलाच तयार नव्हते.

गड उंच म्हणजे जास्त विमानं, हा हिशेब अर्धाच खरा. ३५,००० फुटांवरचं विमान तसंही सव्वाचारशे किलोमीटरवरून दिसू शकतं. उलट गडावर शहरातले मोबाइल टॉवर थेट समोर येतात आणि ९०० मेगाहर्ट्झच्या माऱ्याने डोंगल बहिरा होतो. म्हणून १०९० चा फिल्टर आधी, अ‍ॅम्प्लिफायर नंतर, आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) कमाल ठेवू नका. दक्षिणेकडच्या तटाआड बसलात तर शहर झाकलं जातं. उत्तरेची काही विमानं जातील, जाऊ देत. अँटेनाला ६.९ सेंटीमीटरची उभी तार पुरते.

खरी गंमत संदेशांच्या प्रकार-क्रमांकात आहे. १७ क्रमांकाचे संदेश विमान आपणहून पाठवतं. ४, ५, २०, २१ मात्र कुणी विचारल्याशिवाय येत नाहीत. dump1090 (संदेश उलगडून दाखवणारा प्रोग्राम) ऐवजी नकाशाच बघत बसलात तर हे कळणार नाही. कच्चे संदेश वेळेसकट साठवा. एकाच विमानाची उत्तरं झुबक्यांनी येतात आणि दोन झुबक्यांमधलं अंतर म्हणजे रडारच्या अँटेनाचा एक फेरा. विमानतळाचं रडार साधारण ४-५ सेकंदांत फिरतं, लांब पल्ल्याचं १०-१२. दोन ताल एकमेकांत मिसळले तर दोन रडार विचारताहेत असं समजा.

सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचा तळ आहे, तिथे किंवा कॅम्पात (लष्करी भागात) हे सामान मांडू नका. ड्रोनला अँटेना बांधायचा मोह झालाच, तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा बघा. गडावर वारा जबर असतो; ट्रायपॉडला दगड बांधा.