नवस आईचा, पाय माझा

नवस आईने बोलला आणि फेडायचा मी. गेल्या पौषात पहाटेच्या धुक्यात मोटारसायकल खडीवर घसरली आणि डाव्या नडगीची दोन्ही हाडं तुटली. मी आत टेबलावर असताना आई बाहेरच्या बाकड्यावर बसून मुक्ताईशी बोलून मोकळी झाली. पोरगा उभा राहिला की पुढच्या माघवारीला पायी येईल. माझं मत विचारायला कोणी आलं नाही.

जळगावहून मुक्ताईनगरला दिंडी निघाली. नशिराबाद गेलं, साकेगावला वाघूरचा पूल गेला, भुसावळला मुक्काम झाला. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, मधे टाळ आणि ट्रकचे हॉर्न. विणेकरी बाबा असे सुटायचे की मुक्ताई आज दुपारीच मंदिराला कुलूप लावून जाणार आहे. माझ्या मागे दहा पावलांवर माझे दोस्त, मास्तर आणि पाटील. वासरू हाकल्यासारखे. मी थांबलो की ते थांबायचे आणि उगाच केळीच्या बागांकडे बघायचे. दोनदा मी ओरडलो, 'पुढे जा ना भो!' गेले नाहीत.

खरं तर ओरडण्याचा हक्क मला नव्हता. दवाखान्यात 11 रात्री हे दोघं आळीपाळीने माझ्या खाटेखाली झोपले. भांडं द्यायला मला लाज वाटायची, पाटलाला नाही. तो म्हणायचा, म्हशींचं काढतो, तुझं काय मोठं. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत रॉड, वर दोन स्क्रू, खाली दोन. पण चौथ्या महिन्यातल्या एक्सरेमध्ये फट तशीच. डॉक्टरांनी वरचा एक स्क्रू काढला आणि सांगितलं, आता भार टाका, भार आला की हाडाची टोकं एकमेकांवर दाबली जातील. मी कसला टाकतोय! वॉकर धरून पाय वरचेवर उचलायचो. मग मास्तर शाळेतला, पोरांची वजनं करायचा काटा घेऊन आला. त्याच्यावर डावा पाय ठेवायचा आणि दाबायचं. पहिल्या दिवशी काटा 8 किलोवर थांबला. मास्तरने वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी 10. मी चोरी केली की ह्याला लगेच कळायचं, 35 वर्षं कॉपी पकडलेला माणूस.

भुसावळ सोडल्यावरची दुपार मात्र विसरायची म्हटली तरी विसरणार नाही. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या. तासभर चाललो तरी तेवढ्याच लांब. माघ असला तरी आमच्याकडे दुपारचं ऊन माघाला विचारत नाही. आणि फोड आला तो उजव्या पायाला! डाव्याला जपता जपता सगळा भार उजव्यावर, तळव्याला रुपयाएवढा फोड, त्याच्या शेजारी त्याचं पिल्लू. ज्या पायाची वर्षभर काळजी केली तो ठणठणीत, आणि बिनतक्रार राबलेला पाय रुसला. पाटील म्हणाला, 'ट्रॉलीत बस.' मी म्हणालो, 'आईला तू सांगशील?' तो गप्प.

रस्त्याकडेला लिंबाखाली बसायला गेलो तर तेही जमेना. गुडघ्यातून रॉड घातलाय, गुडघा टेकवला की कळ मस्तकात जाते. अर्धवट वाकून उभा राहिलो. बागेतून एक म्हातारी आली. डोक्याला फडकं, हातात विळा.

'काबरं रे बाबा, असा काय उभा?'

उत्तराची वाट न बघता परत गेली आणि रिकामं क्रेट आणून उलटं टाकलं. बसलो. तिने माझा उजवा पाय सरळ मांडीवर घेतला. मी मागे ओढला, म्हणालो, आजी, पाय नका लावून घेऊ. तिने हातावर चापट मारली. झोपडीतून सुई, दोरा, खोबरेल आणायला पाठवलं ते मास्तरला, घरातला नातू असल्यासारखं. सुई काडीवर तापवली, फोडातून दोरा ओवला, दोन्ही टोकं बाहेर ठेवली. पाणी निथळायला लागलं. मग तिची नजर डाव्या नडगीवरच्या वणावर गेली.

'आतमधी काय टाकेल आहे?'

'रॉड. टायटॅनियमचा.'

तिने बागेकडे बघितलं. घड जड झालेल्या प्रत्येक केळीला बांबू लावलेला.

'मंग टेकूच लावेल आहे ना तुले.'

मला राग आला. वर्षभराचं माझं दुखणं तिने एका बांबूत बसवलं. पाटील मात्र असा हसला की खोकला लागला. गाव विचारलं तर हा आता पैसे काढतो की काय असं वाटून ती बागेत शिरली. क्रेटही घेऊन गेली.

वरणगावला रात्री पंगत. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. तूप असं की चालणं माफ. तिथं पाटलाच्या गावचा एक जण भेटला, जेवता जेवता म्हणाला, 'पाटील, औंदा तरी कापूस भाव येईपर्यंत ठेवा. गेल्या साली पौषातच घाई केली तुम्ही.' पाटील म्हणाला, 'बट्टी घे अजून.'

पौषात. दवाखान्यात भरलेले पैसे कुणी किती दिले हे मी वहीत लिहून ठेवलंय. पाटलाने दिलेल्यापुढे 'भिशी' लिहिलंय, कारण त्याने तसंच सांगितलं होतं. मी बट्टी कुस्करत राहिलो. त्यालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर खोटं बोलला असता आणि मग आम्हा दोघांची पंचाईत.

मुक्ताईनगर. कोथळीच्या जुन्या मंदिरात रांग लांब. चांगदेवला संगमावर दुसऱ्या दिवशी गेलो. गाभाऱ्याशी आलो तेव्हा पुढचे सगळे गुडघे टेकून माथा ठेवत होते आणि मी बगळ्यासारखा. मागून कोणीतरी ओरडलं, 'चला भो, पुढं!' पाटलाने मागे वळून सांगितलं, 'थांब, ह्याच्यात लोखंड आहे.' टायटॅनियम, मी म्हणालो. त्याने माझा सदरा पाठीमागून मुठीत गच्च धरला, मी डावा पाय मागे ताठ ठेवून कमरेतून वाकत गेलो, वाकत गेलो, आणि कपाळ पायरीला लागलं. मुक्ताईला काय म्हणायचं ते ठरवून आलो होतो. ऐन वेळी एवढंच आठवलं की हात सुटला तर समोरचे दोन दात जाणार.

हात सुटला नाही. सदरा काखेतून उसवला. बाहेर आल्यावर पाटील चपला शोधत होता, मास्तर आईला फोन लावत होता.