केळशी ते गुहागर: खाडीतून सड्यावर, सड्यावरून खाडीत

पुणे ते गोवा सायकल सफरीचा हा चौथा दिवस. ताम्हिणीमार्गे माणगाव, मग हरिहरेश्वर, तिसऱ्या दिवशी बागमांडल्याची फेरीबोट धरून वेश्वी आणि तिथून केळशी, इथवर आम्ही दोघं आरामात आलो होतो. आजचा पल्ला ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पुण्यात रविवारी सकाळी आम्ही एवढं चालवून दुपारच्या जेवणाला घरी असतो. इथे पहाटे निघूनही गुहागरला पोचायला दिवस मावळला. या रस्त्याचा हिशेब किलोमीटरमध्ये मांडू नका, एवढं एक पटलं तरी तुमचा दिवस सुखाचा जाईल.

कारण जमिनीतच आहे. किनाऱ्यामागे जांभ्या दगडाचा उंच सडा, म्हणजे उघडं पठार, पसरलेला आहे आणि नद्यांनी तो जागोजागी चिरून खाड्या केल्या आहेत. गावं वसली खाडीच्या तोंडाशी. त्यामुळे रस्ता गावातून उठतो, घाटी चढून सड्यावर जातो, थोडा वेळ वाऱ्यावर पळतो आणि पुन्हा समुद्रसपाटीला उतरतो. कमावलेली उंची प्रत्येक गावात परत द्यायची. एकेक चढ फार लांब नाही, पण तीव्र आहे, आणि सामान लादलेली सायकल तो दर वेळी नव्याने जाणवून देते. पुढे सगळ्यात लहान चक्री आणि मागे मोठी, असा हलका गिअर नसेल तर निघण्याआधी बदलून घ्या.

पावणेसहाला निघालो. पहिला चढ अंधारातच संपला. आडे, पाडले करत अंजर्ल्याकडे जाणारा समुद्राकाठचा तुकडा आख्ख्या सफरीतला सर्वात सुंदर. उजव्या हाताला लाटा, डावीकडे नारळी-पोफळी, आणि तासभरात समोरून आली ती एकच दुधाची मोटारसायकल. कड्यावरच्या गणपतीला जायचं तर सायकलने चढायची हौस इथे करू नका. पाय पुढे लागणार आहेत. सायकली खाली लावून पायऱ्यांनी जा. वरून सुवर्णदुर्ग किल्ला पाण्यात बसलेला दिसतो. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो मराठी आरमाराच्या तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. त्या आरमाराला आपल्याच लोकांनी दिलेला तो घाव वरून बघतानाही मला बोचतो.

जोग नदीवरच्या पुलाने पाजपंढरी, मग हर्णै. बंदरात मासळी उतरत होती. इथेच पोटभर खाऊन घ्या. आम्ही घावने आणि चहा घेतला, पण मित्राने एकच घावन खाल्लं. "जेवायला थांबणारच आहोत ना," म्हणाला. मुरुड, कर्दे हा सपाट भाग भराभर झाला, आणि जेवणाचं मात्र कुठेच जमेना. लक्षात ठेवा, या गावांतल्या घरगुती खानावळी तुमची वाट बघत नसतात. सकाळी फोन करून दोन ताटं सांगावी लागतात. आम्ही सांगितलं नव्हतं.

लाडघरनंतर ऊन चढलं. बुरोंडीला पृथ्वीच्या अर्ध्या गोलावर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा आहे. तिथवर मित्र मागे होता, दिसत होता. पुढच्या सड्यावर मी माझ्या लयीत निघून गेलो. सावली दिसली तेव्हा थांबलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मोबाइलला रेंज नाही. मागे वळलो तर तो एका घराच्या पडवीत भिंतीला टेकून बसलेला, हात थरथरतायत, बोलणं तुटक. घरातल्या मावशींनी त्याला गुळाचा खडा आणि मीठ घातलेलं कोकम सरबत दिलं होतं. मला बघून त्या एवढंच म्हणाल्या, "जोडीनं आलात ना? मग जोडीनं जायचं." मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी पेजही दिली, पैसे घेतले नाहीत. तासभर पडवीत पडून राहिलो.

तेव्हापासून आमचा नियम ठरला: प्रत्येक फाट्यावर आणि प्रत्येक घाटीच्या माथ्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा डोळ्यांनी दिसेपर्यंत. आणि खाणं एकाच पिशवीत नाही, दोघांच्या हँडलला. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, मिठाची पुडी. पाणी प्रत्येकी दोन लिटर. विहिरीचं पाणी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, पण सड्यावर मागायला घरच नसतं.

कोळथरे, पंचनदी करत दाभोळला उतरताना ब्रेक सारखे दाबावे लागतात. चाकाच्या कडेला घासणारे रिमब्रेक असतील तर त्यांच्या पॅडचा एक जादा जोड जवळ हवाच. आमचे त्या उतारावर संपत आले होते. दाभोळला अंडा मशीद जरूर बघा, एकेकाळच्या मोठ्या बंदराची ती खूण आहे. इथून खाडीपलीकडे धोपाव्याला फेरीबोट जाते, तिच्यावर सायकली सहज घेतात. बोट चुकली तर पुढचीची वाट बघावी लागते, आणि शेवटचीच चुकली तर खेड-चिपळूणचा भला मोठा वळसा. म्हणून शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. सुटे पैसेही ठेवा.

बोटीतून वाशिष्ठी नदीची ती खाडी ओलांडताना मित्र कठड्याला टेकून एकटाच हसत होता. पलीकडे धोपाव्याहून परत चढ, अंधार पडत आलेला. मागचे लाल दिवे लावले आणि शेवटचे पंधराएक किलोमीटर तो पुढे, मी मागे, असे त्याच्या वेगाने गेलो. गुहागरात व्याडेश्वराच्या देवळाशी त्याने सायकल टेकवली आणि म्हणाला, "आधी जेवण सांग."