कातळावरून सायकल उतरवताना भीती वाटत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ऑफिसात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, परवा तर एका डोहाळजेवणात सुद्धा हाच प्रश्न आला, की अहो या वयात त्या दगडधोंड्यांतून सायकल खाली घालता, भीती नाही वाटत? उभ्या उभ्या काय सांगणार, मी आपलं "वाटते की" म्हणून सोडून देते. पण विचारणाऱ्यांतल्या दोघीतिघींच्या डोळ्यात मला दिसतं की त्यांना स्वतःला करून बघायचंय, त्यांच्यासाठी एकदा नीट सांगते.

वाटते. पहिल्या दिवशी वाटली तेवढीच आजही वाटते. आता ती वाटली की काय करायचं ते मला माहीत आहे, तेव्हा नव्हतं, एवढंच.

मी ४३ वर्षांची, राहते कोथरूडला. वेताळ टेकडीवर बारा वर्षं सकाळी चालायला जातेय. खाणीकडची वाट, वेताळबाबाचं देऊळ, तिथून फुटणाऱ्या पायवाटा, मोर कुठल्या बाजूला ओरडतात, कुत्री कुठल्या वळणावर बसलेली असतात, सगळं पाठ. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये भाच्याने त्याची जुनी माउंटन बाइक आणून दारात उभी केली आणि म्हणाला मावशी चल, तेव्हा मला मनापासून वाटलं की वाट तर आपल्या पायाखालची आहे, सायकल लहानपणी सांगलीत भरपूर चालवलीय, अवघड काय असणार. अर्ध्या तासात कळलं की पायाला माहीत असलेली वाट चाकाला अजिबात माहीत नसते. बारा वर्षांत ज्या दगडाकडे मी कधी बघितलं नव्हतं, सहज ओलांडून गेले होते, तोच दगड पुढचं चाक अडवून उभा.

आपल्याकडची जमीन आधी समजून घ्यायला हवी. व्हिडिओत दिसते तशी मऊ काळी माती, पाइनची झाडं, गोल गोल बांधलेली वळणं असलं इथे काही नाही. पुण्याच्या टेकड्या म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, कुठे उघडा कातळ, कुठे तो झिजून झालेला मुरूम आणि त्यावर सुटे दगड. ट्रेकवाले ज्याला घसारा म्हणतात तो हाच. दिवाळीनंतर मुरूम कोरडा पडला की बारीक खडे चाकाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखे गडगडतात आणि वळणावर सायकल बाजूला सटकते, पावसाळ्यात तोच मुरूम टायरला चिकटून बसतो आणि कातळावर शेवाळ धरतं, आणि मधल्या दिवसांत गवत इतकं वाढलेलं असतं की दगड दिसतच नाहीत. घरी आल्यावर मोज्यांतली कुसळं काढत बसायचं ते वेगळंच. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी, गवत वाळून आडवं झालेलं, सकाळी थोडं दव, हे दिवस शिकायला सगळ्यात बरे असं माझं मत झालंय.

भाचा पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, "मावशी, दगडाकडे बघू नकोस, जिथे जायचंय तिथे बघ." ऐकायला सोपं आहे. पण बारा वर्षं मी एक पाऊल पुढे बघत चालले होते, टेकडीवर तसंच चालायचं असतं, पाय पडेल तिथे नजर. सायकलवर ती सवय आड येते. ताशी ११ किलोमीटर म्हणजे काही वेग नाही असं वाटतं, पण सेकंदाला तीन मीटर होतात हो. चाकापुढचा दगड दिसून मेंदूने काही ठरवेपर्यंत तो मागे गेलेला असतो किंवा तुम्ही त्यावर आदळलेले असता. आणि घाबरलं की नजर दगडाला चिकटते, नजर चिकटली की हात तिकडे वळतात, हात वळले की चाक. मी पहिल्या तीन आठवड्यांत एकाच बाभळीत चार वेळा गेले, आजूबाजूला एवढी मोकळी जागा असताना. मग पार्किंगमध्ये खडूने रेघ मारून त्यावरून चालवायची, डोळे मात्र समोरच्या गेटवर ठेवायचे, असं रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं. खाली न बघता चाक रेघेवर राहतं हे कळायला मला दीड महिना लागला, आणि ते कळलं त्या रात्री मी इतकी खूश होते की झोप येईना.

दुसरी गोष्ट ब्रेक. भीती वाटली की ब्रेक आवळायचा हे अंगात असतं. उतारावर वजन पुढे येतं, त्यामुळे सायकल थांबवायचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो, आणि नेमका तोच दगडावर असताना आवळला तर चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस पुढे जातो. म्हणून ब्रेक दगडाच्या आधी लावायचा, वेग तिथेच कमी करायचा, आणि प्रत्यक्ष दगडावर, पायरीवर चाक मोकळं सोडायचं म्हणजे ते फिरत फिरत उतरतं. मी सुरुवातीला पूर्ण उतार ब्रेक धरूनच यायचे, खाली पोचेपर्यंत बोटं आखडलेली आणि ब्रेकच्या डिस्कला, म्हणजे ब्रेक ज्या चकतीला पकडतो तिला, जळका वास. त्या वासावरून भाच्याने रीपॅकची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळ एक कच्चा उतार आहे, तिथे १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये काही तरुण पोरांनी जुन्या जाड टायरच्या जड सायकलींची शर्यत लावली. त्या सायकलींना पेडल उलटं मारून लागणारा ब्रेक होता, तो मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यातच असायचा, आणि उतार संपेपर्यंत इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं. मग हब उघडून परत ग्रीस भरायचं, म्हणजे रीपॅक करायचं, म्हणून उताराचं नावच रीपॅक पडलं. माउंटन बाइकिंगची सुरुवात जिथून सांगतात त्यातली ही एक जागा. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, म्हणजे २० वर्षांत. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आज ज्यांची नावं घेतात त्यांचेही ब्रेक जळतच होते.

आता पडले ती गोष्ट. देवळाकडून खाली येणाऱ्या एका वाटेवर कातळाची पायरी आहे, गुडघ्याच्या थोडी खाली येईल एवढी उंच, तिच्याखाली एक चपटा दगड, मग आठदहा फूट घसारा आणि लगेच डावीकडे वळण. आम्ही तिला पायरीच म्हणतो. जानेवारीत एका रविवारी मी तिथे न थांबता गेले, पुढचं चाक खाली गेलं आणि मी दोन्ही ब्रेक आवळले. हँडलवरून पुढे, डावा हात टेकून. खरचटलं फारसं नव्हतं. पण अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबलं की कळ जायची. पहिल्या एक्सरेत काही दिसलं नाही, डॉक्टरांनी तरी पट्टा बांधून बारा दिवसांनी परत बोलावलं, तेव्हा चीर दिसली. स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड आहे मनगटात, हात टेकून पडलं की ते मोडू शकतं, त्याला रक्तपुरवठा कमी म्हणून भरायला वेळ लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर कायमचं दुखणं. तेव्हा कुणीही हातावर पडलात आणि तिथे दुखत असेल तर "मुरगळलंय" म्हणून शेकत बसू नका, दाखवा, आणि परत बोलावलं तर जा. माझं प्लास्टर आठ आठवडे होतं. पोळ्या नवऱ्याने लाटल्या, वेणी लेकीने घातली.

आईने फोनवर विचारलं, "आता देऊन टाकशील ना ती सायकल?" मी हो म्हणाले होते. खरंच म्हणाले होते.

पण प्लास्टर निघायच्या आधी मी चालत पायरीपाशी गेले. सकाळी, एकटीच. खाली बसून ती बघितली. वरून बघितली, बाजूने बघितली, हाताने चाचपली. उजवीकडे कातळाला उतार आहे, तिथून चाक धडकन न पडता घरंगळत उतरेल हे बसल्यावर दिसलं, सीटवरून कधीच दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून माझी पद्धत ती झाली. नवी जागा आली की आधी उतरायचं, चालत खाली जायचं, वर बघायचं, चाक कुठून जाईल ती रेघ मनात काढायची, आणि मग ठरवायचं. भीती कशाची वाटतेय ते बोट ठेवून सांगता येतं तेव्हा. "मला उताराची भीती वाटते" याला काही करता येत नाही, पण "त्या चपट्या दगडावर चाक डावीकडे सरकेल" याला करता येतं.

मे महिन्यात माझ्या मापाची सायकल घेतली, सेकंडहँड हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. भाच्याची सायकल मला मोठी होती, ब्रेकपर्यंत बोटं ताणावी लागायची, आणि हे मला सहा महिने कुणी सांगितलं नाही याचं वाईट वाटतं, कारण बायका बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी सायकलवर शिकतात. आपल्या मापाची घ्या. उताराला सीट खाली करा, पेडल दोन्ही सारखे आडवे ठेवून उभं राहा, टाचा खाली, कोपर आणि गुडघे सैल, म्हणजे सायकल खाली नाचते आणि तुम्ही स्थिर राहता. आणि हवा कमी करा! मी रस्त्यावरच्या सवयीने ४५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) भरायचे, टायर प्रत्येक खड्यावरून उडायचा. आता ट्यूबलेसमध्ये, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरमध्ये, पंचविसाच्या आसपास ठेवते, बाभळीच्या काट्याचं भोक आतलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्रव, बहुतेक वेळा बुजवून टाकतं. हेल्मेट, ग्लोव्हज, नी गार्ड यावर चर्चा नको, घालायचेच.

पायरी मी गेल्या डिसेंबरात उतरले. आधी चार वेळा वर थांबून परत फिरले होते. पाचव्यांदा ब्रेक आधी लावला, नजर खालच्या वळणावर ठेवली, आणि कातळाच्या कडेला ब्रेकवरची दोन्ही बोटं उचलली. ती बोटं उचलणं हेच सगळ्यात अवघड होतं, दोन वर्षांतलं. पुढचं चाक उतरलं, मागचं उतरलं, घसाऱ्यात थोडी हलली आणि वळली. खाली भाचा उभा होता, तो काही बोललाच नाही, नुसता हसत होता. मी सायकल आडवी टाकली आणि मला रडू आलं.

अजून एक सांगायचंय, ते विचारत कुणी नाही. टेकडी चालणाऱ्यांची आहे. माझ्या बारा वर्षांच्या ओळखीचे काका-काकू तिथे असतात, मी वळणाच्या आधी घंटा वाजवते, "काका, डावीकडून येतेय" म्हणते, आणि वाट अरुंद असेल तर उतरते. पावसात ओल्या मुरमावर सायकल घालत नाही, कारण चाकाची चाकोरी पडते, तिच्यातून पाणी वाहतं आणि पुढच्या वर्षी तिथे वाटेऐवजी ओहोळ असतो. चार महिने थांबणं जड जातं, पण तेव्हा चालायला आहेच की टेकडी.

या वर्षीचा पाऊस संपल्यावर परवा पहिल्यांदा पायरीपाशी गेले. खालचा चपटा दगड जागेवर नाही, वाहून फूटभर डावीकडे गेलाय आणि तिरका बसलाय. मी उतरले, खाली जाऊन बघितलं, पायाने हलवून बघितला तर डुगडुगत होता. पोटात तोच गोळा आला. सायकल खांद्यावर घेतली आणि चालत उतरले. रविवारी भाचा येणार आहे, दोघं मिळून नवी रेघ शोधू.