मेंढ्या, गवत आणि एक हलवलेलं गाव

"काही म्हण, निसर्ग राखावा तो इंग्रजांनीच!"

इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ या ड्यूकच्या महालाभोवतीच्या पार्कात मेंढ्यांचे फोटो काढता काढता काका म्हणाले. मी मान हलवली खरी, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

कारण समोर दिसत होतं त्यात निसर्गाची मर्जी फारच थोडी. १७६० च्या सुमारास डेव्हनशायरच्या चौथ्या ड्यूकने 'केपबिलिटी' ब्राऊन या बागरचनाकाराला बोलावलं. आधीच्या आखीव बागांचा बराच भाग मोडून गवताचे उतार आले, झाडांचे पुंजके आले. नदीसुद्धा रुंद करून घेतली.

उन्हं कलल्यावर त्या गवताकडे नीट बघा. सरी-वरंबे दिसतात, ओळीने. म्हणजे इथे शेतं होती, कुणीतरी नांगर धरला होता. बाग करणाऱ्यांनी फक्त वर गवत पांघरलं.

आणि गावही होतं, एन्झर. महालातून ते दिसायचं, म्हणून १८३८ ते १८४२ दरम्यान सहाव्या ड्यूकने उरलंसुरलं गाव नजरेआड नेऊन वसवलं. जुन्या जागी एकच घर उरलंय, रस्त्यापलीकडे एकटं.

नवी घरं देखणी आहेत, हे मान्य. पण देखावा बिघडतो म्हणून गाव उचलायचं?

गंमत म्हणजे ड्यूकसाठी नवं गाव आखणाऱ्या त्याच्या मुख्य माळ्याने, जोसेफ पॅक्स्टननेच इथल्या काचघरात केळीही पिकवली. ड्यूकच्या घराण्यावरून तिचं नाव पडलं कॅव्हेंडिश. आपली जळगावची बसराई याच कुळातली! मालकाचं आडनाव केळीला लागलं. हलवलेल्या माणसांची नावं वाचलीत का कुणी?