जामीनदार म्हणून सही करताय? मग हे वाचा जरा

आमच्या देवगडात दिवाळी झाली की हापूसच्या कलमांच्या (झाडांच्या) फवारणीला, खताला, रखवालीला ठेवलेल्या नेपाळ्यांच्या पगाराला पैसा लागतो आणि तो बऱ्याचदा पतसंस्थेतून येतो, दोन जामीनदारांच्या सह्यांवर. मोहोर थ्रिप्स किडीने खाल्ला की हप्ते थकतात आणि मग नोटीस जामीनदाराला पण येते. आमच्या काकांना आली. काकांचं एकच पालुपद, "आधी तेच्याकडना वसूल करा, मगे माका इचारा." ऐकायला बरोबर वाटतं पण कायद्यात तसं नाही ओ. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, संस्था थेट तुमच्या दारात येऊ शकते.

त्यातून पतसंस्थेला दिवाणी कोर्टात दावा लावत बसायची पण गरज नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम १०१ आहे, त्यात सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे अर्ज करायचा, तिथे चौकशी होऊन वसुली दाखला मिळतो आणि मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली, जप्ती, लिलाव सगळं. म्हणून १०१ ची नोटीस आली की तारखेला हजर राहून हिशोबाचा उतारा मागा, व्याज कसं लावलंय बघा, जे काय म्हणणं असेल ते लेखी द्या. कारण एकदा दाखला निघाला की पुनरीक्षणाला (म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला) जायचं तर आधी ५० टक्के रक्कम भरावी लागते, आणि ती असती तर हप्ता थकला असता का!

हातउसन्या पैशाचं वेगळं. तिथे साधारण ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, मधे लेखी कबुली दिली किंवा थोडे पैसे भरून सही केली तर मुदत नव्याने सुरू होते. हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा निकाल) झाला की बजावणीला, म्हणजे तो अमलात आणायला, १२ वर्षं.

पण कोर्टाच्या जप्तीतही सगळं नेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० बघा, अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतीची अवजारं, शेतकऱ्याचं स्वतःचं राहतं घर, हे सगळं सुटतं. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश पण (पोटगीचा हुकूम असेल तर हिशोब वेगळा). घर गहाण टाकलेलं असेल तर मात्र ह्या कलमाचा उपयोग नाही. आणि "जेलात टाकू" म्हणून फोनवर दम देतात ना, नुसते पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच सांगितलंय. बाईला तर पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच नाही.

खाजगी सावकाराकडे लायसन नसेल आणि व्याजापोटी त्याने जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर २०१४ चा सावकारी कायदा आहे, जिल्हा निबंधकाकडे अर्ज करा, चौकशीत सिद्ध झालं तर जमीन परत मिळू शकते.

अजून एक, कर्ज फिटलं की बेबाकी दाखला (काही बाकी नाही असा) घेऊन तलाठ्याकडे जा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा (कर्जाची नोंद) उतरवून घ्या, लगेच. आमच्या वाडीतल्या एकांचं कर्ज कधीच फिटलंय, बोजा तसाच, मुलाला घरासाठी लोन पाहिजे तर बँक नाही म्हणते, आणि ती पतसंस्था गेली अवसायनात (म्हणजे गुंडाळायला काढली), आता दाखल्यासाठी ते काम बघणाऱ्या अवसायकाला शोधत फिरतायत.